लोककला महोत्सवात गोंधळ-जागरणाची नोंद कशी करावी

विद्यापीठाची मुलं महोत्सवाला येतात, मंचासमोर तीन तास शूटिंग करतात आणि परत जातात. त्यांच्याकडे जे असतं, ते आयोजकांच्या कॅमेरावाल्याकडे त्यांच्याहून चांगलं असतंच. मग तुम्ही कशाला गेलात? गोंधळ काय, जागरण काय, मूळ मामला रात्रभराचा. महोत्सवात त्याच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटं येतात. त्या काटछाटीत काय गळलं, हे नोंदवणं तुमचं काम.

बॅटऱ्या, कार्ड, वही हे सांगत बसत नाही. आदल्या दिवशी जाऊन पार्टीला, म्हणजे कार्यक्रम करणाऱ्या कलाकारांच्या संचाला, भेटा. आयोजकांना नाही, पार्टीला. संमतीपत्रावर सही घेऊन मोकळं होण्याची पद्धत मला पटत नाही. काय ध्वनिमुद्रित करणार, कुठे ठेवणार, कोण ऐकणार हे तोंडी सांगा आणि होकार रेकॉर्डरवरच घ्या. ‘यातलं काही बाहेर जायला नको, असं आहे का?’ हे विचाराच. कधीकधी असतं.

मंचासमोर: आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, वेव फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. रेकॉर्डिंगची पातळी संबळावर, म्हणजे त्या जोडवाद्याच्या मोठ्या आवाजावर, लावा. तुणतुण्याच्या बारीक आवाजावर लावलीत तर संबळ सुरू होताच आवाज फाटेल. आपोआप पातळी बदलणारं ऑटो बंद. कॅमेरा ट्रायपॉडवर, सगळी मंडळी चौकटीत, झूम नाही. मुख्य गोंधळ्याच्या चेहऱ्यावर झूम करून बसलात की मागे साथीने गाणारे झीलकरी गेले, आणि गाण्याचा निम्मा भार त्यांच्यावरच असतो.

आता मुलाखत. इथे मी दोन वर्षं फुकट घालवली.

माझ्याकडे वीस प्रश्नांची छापील यादी असायची. ‘गोंधळाचं महत्त्व काय?’ असा पहिला प्रश्न. एका वयस्कर गोंधळ्यांनी शांतपणे सांगितलं, ‘आपल्या संस्कृतीचा ठेवा आहे, जपला पाहिजे.’ मी आनंदाने लिहून घेतलं. घरी आल्यावर लक्षात आलं, सूत्रसंचालक संध्याकाळी शब्दशः हेच बोलला होता. त्यात त्यांचा दोष नाही. बाहेरच्या माणसाने हाच प्रश्न शंभरदा विचारल्यावर एक तयार उत्तर तोंडात बसतं.

तिसऱ्या वर्षी पार्टीची गाडी उशिरा आली, म्हणून आम्ही मंडपामागे बसून होतो. त्यांच्यातले एक मामा म्हणाले, ‘काय भरलंय त्या डबीत, ऐकवा की.’ मी हेडफोन दिला. दोन मिनिटांत त्यांनी हात वर केला. ‘थांबा. इथनं आम्ही उडी मारली.’ आवाहनात कोणकोणत्या देवांची नावं सुटली, ती त्यांनी गाऊन दाखवली. पूजेचा चौक का भरला नाही, दिवटी (मशाल) का पेटवली नाही (मंडपात आग चालणार नव्हती), आख्यानातली कुठली कथा घ्यायची ठरली होती आणि ऐनवेळी का सोडली, असं पाऊण तास चाललं. यादीतला एकही प्रश्न मला विचारावा लागला नाही.

तेव्हापासून माझी एकच पद्धत. त्याच दिवशी, शक्यतो त्याच रात्री, मुद्रण त्यांना ऐकवा. दुसरा रेकॉर्डर चालू ठेवा. थांबवायचं बटण त्यांच्या हातात द्या. ते थांबले की एवढंच विचारा: ‘घरच्या गोंधळात इथे काय असतं?’ मग गप्प बसा. शांतता पसरली की आपल्याला बोलावंसं वाटतं. बोलू नका, त्या शांततेत माणूस आठवत असतो.

आयोजक शेजारी असतील तर सगळं ‘छान झालं’ असंच उत्तर मिळणार, तेव्हा ते चहाला गेले की बसा. मुख्य कलाकारापुढे झीलकरी तोंड उघडत नाहीत, त्यांच्याशी वेगळं बोला. प्रश्न ठोस हवेत. गोंधळी असतील तर त्यांच्यातल्या दोन शाखांपैकी कुठले, कदमराई की रेणुराई? जागरण असेल तर लंगर (लोखंडी साखळी) शेवटी तोडतात, तो मंचावर तोडला का, नसेल तर का? शिकलात कोणाकडून, आणि त्यांचं कुठलं पद आता तुम्ही म्हणत नाही? हा शेवटचा प्रश्न माझा सगळ्यात लाडका. आणि मुरळीला, म्हणजे जागरणात गाणाऱ्या खंडोबाच्या भक्तिणीला, तिच्या आयुष्याबद्दल विचारायची घाई करू नका. विद्यार्थ्यांना तिथेच ‘विषय’ दिसतो, मला त्याची चीड येते. गाणारी बाई आहे, गाण्याबद्दल विचारा. बाकीचं तिला सांगायचं असेल तर ती सांगेल.

झोपण्याआधी दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर. फाइलच्या नावात तारीख, प्रकार, गाव.

शब्दांकन आठवड्याच्या आत करा, आणि बोली सुधारू नका. ‘इथनं’चं ‘इथून’ केलंत तर ते बोलणं त्यांचं राहत नाही. शब्द कळला नाही तर अंदाजाने भरण्यापेक्षा जागा रिकामी सोडा आणि मिनिट-सेकंद लिहा.

प्रकल्प जमा करण्याआधी पार्टीला प्रत नेऊन द्या, पेन ड्राइव्हवर किंवा त्यांच्या मोबाइलवर. जाताना शब्दांकन बरोबर ठेवा. रिकाम्या जागा बऱ्याचशा तिथेच भरून निघतात.