काळा रंग छिद्रातच राहिला पाहिजे

माझ्या हाताखालून गेलेली पहिली गिटार बॉडी मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात नासवली. गिऱ्हाइकाची होती, अ‍ॅशच्या लाकडाची, बाहेरून मागवलेली. त्याचं म्हणणं एवढंच की लाकूड फिकट राहू दे, रेषा तेवढ्या काळ्या उठू दे. मी फिलरमध्ये, म्हणजे छिद्रं बुजवायच्या लुकणात, काळा रंग कालवला आणि कोऱ्या लाकडावर चोळला. रेषा काळ्या झाल्या खऱ्या, पण बाकीचं लाकूडही राखाडी पडलं, पावसात भिजलेल्या खोक्यासारखं. दोन दिवस घासूनही डाग हटेना. शेवटी ती सरळ काळी रंगवून दिली आणि मजुरीवर पाणी सोडलं.

तोवर फर्निचर पॉलिशमध्ये दोन वर्षं काढली होती, आणि घात त्याच सवयीने केला. सोफ्याच्या हातावर आपण फिलर भरतो तो पृष्ठभाग सपाट व्हावा म्हणून, तोही लाकडाशी जुळता रंग घालून. थोडा इकडेतिकडे लागला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. इथे मुद्दाम उलटा रंग भरायचा असतो, त्यामुळे प्रत्येक चूक दिसते.

आधी लाकूड बघा. अ‍ॅश, ओक आणि आपलं सागवान यांत वाढीच्या सुरुवातीला मोठी छिद्रं पडतात, म्हणून त्यांत रंग भरला की डोंगरांच्या नकाशासारखे पट्टे उमटतात. महोगनीत छिद्रं सगळीकडे विखुरलेली, तिथे बारीक तुटक रेघा मिळतात. मेपल आणि आल्डरवर हा खटाटोप करू नका, छिद्रं इतकी बारीक की रंग धरायला जागाच नाही. फेंडर या गिटार कंपनीने 1956 च्या सुमारास आपल्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या बहुतेक बॉडी आल्डरच्या करायला घेतल्या. फिकट ब्लाँड रंगासाठी मात्र अ‍ॅशच ठेवलं, त्या पातळ रंगाखालून रेषा दिसतात ना.

आता कामाचं. 220 च्या पेपरपर्यंत घासून झालं की पितळी तारेचा ब्रश रेषेच्या दिशेने फिरवा आणि कंप्रेसरने धूळ उडवा. छिद्रात लाकडाचा भुसा राहिला तर काळं भरणार कुठे? सागवान असेल तर थिनरच्या फडक्याने पुसून घ्या, त्याच्या अंगात तेल असतं.

मग सील, म्हणजे काळं छिद्रांबाहेरच्या लाकडात शिरू नये म्हणून वर पातळ थर. माझं सगळं शिक्षण या एका पायरीत आहे. एक लिटर स्पिरिटमध्ये साधारण 120 ग्रॅम चपडा (लाखेचे पापुद्रे) विरघळवून बरणी काही दिवस हलवू नका, मेण खाली बसतं. वरचं स्वच्छ द्रावण तेवढं घ्या, नाहीतर पुढे पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) नीट धरत नाही. बोळ्याने दोन पातळ हात. जाड हात मारलात तर छिद्रंच बुजतील. बॉडीच्या शिंगांसारख्या टोकांना आणि मानेजवळच्या खाचेच्या (कटअवे) आत लाकडाची आडवी तोंडं उघडी असतात, ती जास्त पितात. तिथे एक हात जादा.

त्यानंतर काळा फिलर जुन्या एटीएम कार्डाने रेषेला आडवा दाबत भरा आणि ओला असतानाच गोणपाटाने तिरका पुसा. रेषेच्या दिशेने पुसलंत तर भरलेलं परत बाहेर येतं. सुकल्यावर तो आत बसतो, म्हणून बहुतेक वेळा दुसऱ्यांदा भरावंच लागतं. शेवटी 320 चा पेपर ठोकळ्यावर लावून वरचं काळं काढायचं, चपड्याच्या थरापर्यंतच. कडांवर ठोकळा चालत नाही, बोटाने घासताना थर फाटतो आणि पुढच्या भरणीत काळं थेट लाकडात शिरतं. माझ्या अजूनही चुका होतात त्या कडांवरच. मोबाईलचा टॉर्च आडवा धरून पाहिलं की न भरलेली छिद्रं लगेच सापडतात.

फिलर तेलाचा असेल तर त्याची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची फडकी आपसूक तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

ठाण्याचा पावसाळा हा वेगळाच ताप. जुलैत एनसी लॅकर (नायट्रोसेल्युलोजचं चमकदार पॉलिश) मारलं की दमट हवेने त्यावर पांढरट धुकं चढतं, आणि नेमकी खाली मेहनतीने उठवलेली काळी रेष फिकी दिसते. मी जून ते सप्टेंबर फक्त घासकाम आणि भरणीच घेतो, लॅकर दिवाळीच्या तोंडावर. गिऱ्हाईक कुरकुर करतं, करू दे.

काम मागायला जाताना फोटो नका दाखवू, फोटोत सगळंच छान दिसतं. वीतभर फळी न्या. अर्ध्या भागावर सील करून भरलेलं, अर्ध्यावर सील न करता. मी घोडबंदर रोडला एका गिटार बनवणाऱ्याकडे अशीच सागवानाची फळी नेली होती, जुन्या दाराची. त्याने राखाडी बाजूवर अंगठा फिरवला आणि विचारलं, ‘ही कुणाच्या पैशाने शिकलास?’

दुसऱ्या दिवसापासून कामावर गेलो.