फुटबॉल मॅनेजर: तरुण खेळाडूवर फुली मारताना या चुका टाळा

फुटबॉल मॅनेजर या क्लब चालवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये पोरं घडवण्यापेक्षा त्यांना सोडणं अवघड जातं. ज्याला दोन सीझन आधीच विकायला हवं होतं तो बाकावर बसून पगार घेत राहतो, आणि ज्याला अजून एक वर्ष द्यायला हवं होतं तो कवडीमोलाने जातो. माझं मत स्पष्ट आहे: पोटेन्शियलच्या ताऱ्यांवर, म्हणजे पोरगा पुढे किती मोठा होईल याच्या गेममधल्या अंदाजावर, हा निर्णय सोपवू नका. गेल्या वर्षभरात पोरगा किती खेळला आणि त्यातून किती वाढला, हे दोनच प्रश्न विचारा.

तारे कमी झाले म्हणून विकणं

तारे तुमच्याच संघाच्या तुलनेत दिलेले असतात. इंग्लंडच्या लीग टूमधून वरच्या लीग वनमध्ये गेलात, चार चांगले खेळाडू आणलेत, की कालच्या चार ताऱ्यांचे अडीच होतात. पोरगा होता तसाच आहे. शिवाय तो अंदाज तुमच्या कोचचा असतो. खेळाडू पारखण्याचा त्याचा आकडा वीसपैकी आठ असेल, तर त्या ताऱ्यांवर किती भरवसा ठेवायचा?

खरा पीए (पोटेन्शियल अ‍ॅबिलिटी, म्हणजे खेळाडूची कमाल क्षमता) हा १ ते २०० मधला लपवलेला आकडा असतो. बऱ्याच तरुणांना डेटाबेसमध्ये नेमका आकडा न देता उणे चिन्हाची पट्टी दिलेली असते. उणे ९ म्हणजे १५० ते १८० मधलं काहीही, आणि ते नवी सेव्ह, म्हणजे नवा डाव, सुरू होताना ठरतं. त्यामुळे मित्राच्या सेव्हमध्ये बॅलन डी'ओर हा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार घेणारा पोरगा तुमच्याकडे मधल्या फळीच्या क्लबपुरताच निघू शकतो. आणि पीए ही कमाल मर्यादा आहे. तिथपर्यंत तो पोचेलच, असं गेम कुठेही कबूल करत नाही.

न खेळवताच निकाल लावणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. साधारण अठरापर्यंत चांगलं ट्रेनिंग ग्राउंड आणि चांगले कोच पोराला पुढे नेतात. त्यानंतर त्याला सीनियर सामने लागतात. वीस वर्षांचा सेंटर-बॅक अंडर-२१ मध्येच अडकला असेल, तर डेव्हलपमेंटमधला त्याचा आलेख सपाट दिसणारच. त्याबद्दल त्याला दोष देऊ नका, आधी लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडे तात्पुरतं खेळायला, पाठवा.

पण लोन म्हणजे कुठेही टाकून देणं नव्हे. त्याला नियमित खेळवायची हमी हवी, त्या क्लबच्या सुविधा बऱ्या हव्यात, आणि परत बोलावायची सोय करारात हवी. ऑक्टोबर संपताना बघा. सुरुवातीच्या अकरात नसेल तर पहिल्या संधीला परत आणा. नियमित खेळतोय, सामन्यांमधलं सरासरी रेटिंग दहापैकी सातच्या आसपास आहे, आणि तरी वर्षभरात एकाही महत्त्वाच्या गुणात वाढ नाही, तर मात्र तो थांबलाय असं समजायला हरकत नाही.

टॉटनहॅमचा स्ट्रायकर म्हणून गाजलेल्या हॅरी केनचं उदाहरण इथे आठवतंच. लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच, लेस्टर अशी चार लोन झाली. २०१३ च्या प्लेऑफमध्ये तो लेस्टरच्या बाकावर होता, शेजारी पुढे गाजलेला स्ट्रायकर, २६ वर्षांचा जेमी वार्डी. २०१४-१५ मध्ये त्याच केनने प्रीमियर लीगमध्ये २१ गोल केले.

स्वभावाकडे दुर्लक्ष

प्रोफेशनॅलिझमचा आकडा दिसत नाही, पण स्वभावाच्या वर्णनातून तो कळतो. मॉडेल सिटिझन, प्रोफेशनल, रिझोल्यूट अशा पोरांसाठी मी २२ पर्यंत थांबतो. कॅज्युअल किंवा स्लॅक असेल तर आधी चांगल्या सीनियरसोबत मेंटरिंग गटात घाला. गटात किमान तिघं लागतात. एका सीझननंतरही वर्णन बदललं नाही, तर पोटेन्शियल पाच तारे असलं तरी विका. गोलकीपर आणि सेंटर-बॅक उशिरा पिकतात, त्यांना थोडी जास्त मुदत द्या.

विकायची वेळ चुकवणं

करारात दोन वर्षं शिल्लक असताना निर्णय घ्या. शेवटचं वर्ष लागलं की किंमत कोसळते, आणि खेळाडूचा एजंटही ते ओळखून असतो.

विकण्याआधी नोंदणीचे नियमही बघा. प्रीमियर लीगमध्ये अंडर-२१ खेळाडू २५ जणांच्या यादीत धरावे लागत नाहीत. वय उलटलं की तोच पोरगा एक जागा अडवतो. उलट युरोपात खेळत असाल, तर युएफाच्या (युरोपियन फुटबॉल संघटनेच्या) २५ च्या यादीत आठ जागा स्थानिक तयार झालेल्यांच्या, आणि त्यातल्या चार तुमच्याच क्लबमध्ये घडलेल्यांच्या असतात. त्या भरल्या नाहीत तर यादीच लहान होते. म्हणून १५ ते २१ या वयात तीन वर्षं तुमच्याकडे काढलेला साधा राइट-बॅकही तिसरा पर्याय म्हणून ठेवण्यासारखा असतो.

मनात थोडीही शंका असेल तर कलमं घालून विका. पुढच्या विक्रीतला टक्का मागा, पण नफ्यातला टक्का आणि एकूण रकमेतला टक्का यात गल्लत करू नका. एकूण रकमेतला केव्हाही चांगला. बाय-बॅकही मिळतो, म्हणजे ठरलेल्या किमतीला खेळाडू परत विकत घ्यायचा हक्क. रिआल माद्रिदने मोराताला २०१४ मध्ये युव्हेंटसला विकलं आणि २०१६ मध्ये ठरलेल्या तीन कोटी युरोंना परत आणलं. गेममध्ये हे कलम मागितलं की समोरचा क्लब किंमत पाडतो, म्हणून ते फक्त अजून वाढत असलेल्या पोरांसाठीच मागा.