कॅडक्वेरी इन्स्टॉल झाली, पण इम्पोर्ट होत नाही: नेमकं कुठे बघायचं

‘अनइन्स्टॉल करून पुन्हा इन्स्टॉल करा’ हा सल्ला मी आता ऐकूनच घेत नाही. कॅडक्वेरी किंवा पायथनओसीसी, म्हणजे पायथनमध्ये कोड लिहून त्रिमितीय भाग बनवायच्या लायब्ररी, अडल्या की सगळीकडे हेच सांगितलं जातं. माणूस तीनतीनदा तेच करत बसतो आणि एरर अक्षरशः तीच येते. येणारच. या लायब्ररी वरून पायथनच्या दिसतात, पण भूमितीचं सगळं काम खाली ओपन कॅस्केड हे सी प्लस प्लसमधलं इंजिन करतं. माट्रा डेटाव्हिजन या फ्रेंच कंपनीत ते तयार झालं आणि १९९९ मध्ये मुक्त स्रोत झालं. फ्रीकॅड हे कॅड सॉफ्टवेअरही त्याच्यावरच चालतं. त्यामुळे इम्पोर्टची एक ओळ चालायला पायथन, मधलं बाइंडिंग (पायथनला इंजिनशी जोडणारा दुवा) आणि ओपन कॅस्केड या तिघांच्या आवृत्त्या जुळाव्या लागतात. पुन्हा इन्स्टॉल केल्यावर पॅकेज नवं येतं, पण पायथन ते भलतीकडूनच उचलत असेल तर काय उपयोग?

खालच्या कमांड देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतच टाइप करा.

सुरुवात स्वच्छ करा

मिनीफोर्ज टाका, त्यासोबत कॉन्डा हा पॅकेज टाकणारा प्रोग्रॅम येतो. मग ‘कॅड’ नावाचं नवं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथन आणि पॅकेजेसचा स्वतंत्र कप्पा, करा. बेस एन्व्हायर्नमेंटमध्ये काहीही टाकू नका. कॅडक्वेरी आणि पायथनओसीसी एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये कोंबू नका. दोघींना ओपन कॅस्केडची आपापली ठरावीक आवृत्ती लागते. कॅडक्वेरी पिपने (पायथनचा स्वतःचा पॅकेज इन्स्टॉलर) टाकायची की कॉन्डाने, हे आधीच ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. पायथनओसीसीसाठी थेट कॉन्डा-फोर्ज हा कॉन्डाचा पॅकेजसाठा.

पिपने ‘नो मॅचिंग डिस्ट्रिब्यूशन फाउंड’ म्हटलं, तर बहुतेक वेळा तुमचा पायथन फार नवा असतो. नवी आवृत्ती बाहेर पडते त्या दिवशी या जड लायब्ररींची व्हील (आधीच बांधलेली पॅकेज फाइल) तयार नसते. पायथन एक-दोन आवृत्त्या मागचा घ्या, विषय संपला. तो ६४ बिटांचा आहे ना, तेही बघा.

नावांची एक गल्लत आधीच सांगून ठेवतो. टाकताना पॅकेजचं नाव ‘कॅडक्वेरी-ओसीपी’, पण इम्पोर्ट करताना नुसतं ‘ओसीपी’. टाकताना ‘पायथनओसीसी-कोअर’, इम्पोर्ट करताना ‘ओसीसी डॉट कोअर’. जुन्या धड्यांत मधलं ‘कोअर’ नसतं. ते जसंच्या तसं उतरवून घेतलं तर मॉड्यूल सापडत नाही आणि दोष उगाच इन्स्टॉलेशनवर जातो.

इन्स्टॉल झाली, पण इम्पोर्ट होईना

खरी अडचण इथे आहे. माझे दोन पूर्ण दिवस इथेच गेले.

नवं एन्व्हायर्नमेंट होतं. कॉन्डा लिस्टमध्ये पायथनओसीसी ७.८.१ स्वच्छ दिसत होती. स्टेप फाइल (कॅड भूमितीच्या देवाणघेवाणीचा एक फाइल-प्रकार) वाचणारी स्क्रिप्ट चालवली तर एरर: ‘लिबटीकेस्टेप डॉट एसओ’ ही फाइल उघडता येत नाही. मी ते पॅकेज काढलं, पुन्हा टाकलं, एन्व्हायर्नमेंट पुसून नवं केलं, शेवटी मिनीफोर्जही नव्याने टाकलं. एरर तशीच. मग ती फाइल डिस्कवर शोधायला लागलो. इतर लायब्ररी होत्या, हीच नेमकी नव्हती. इंटरनेटवर कुणीतरी सुचवलं होतं की नावात साम्य असलेल्या फाइलला त्या नावाची लिंक करून द्या. तेही केलं, आणि त्यातून आणखी विचित्र एरर निघाली. हा उपाय कधीही करू नका. नाव बदलून लायब्ररीचा आतला भाग बदलत नाही. एखाद्या दिवशी चुकीची भूमिती मुकाट्याने हातात पडेल.

उत्तर त्या नावातच होतं. ओपन कॅस्केडच्या ७.८ आवृत्तीत फाइल-देवाणघेवाणीच्या लायब्ररींची फेररचना झाली आणि टीकेस्टेप गेली, तिच्या जागी टीकेडीईस्टेप आली. म्हणजे ७.८ वर बांधलेलं पॅकेज टीकेस्टेप मागणंच शक्य नव्हतं. मग मागत कोण होतं? कुठलं तरी जुनं बाइंडिंग. मी दोन वर्षांपूर्वी पायथनओसीसी स्वतः कंपाइल करून होम फोल्डरमध्ये ठेवली होती आणि ‘पायथनपाथ’ची (पायथनने पॅकेज आणखी कुठे शोधावं हे सांगणारी) एक ओळ बॅशआरसी या टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये लिहून विसरून गेलो होतो. पायथनपाथमधली फोल्डर एन्व्हायर्नमेंटच्या साइट-पॅकेजेस या पॅकेज फोल्डरच्या आधी तपासली जातात. कॉन्डा नवं पॅकेज दाखवत होता, पायथन जुनंच उचलत होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

तेव्हापासून मी इतर कशालाही हात लावायच्या आधी तीन गोष्टी बघतो, याच क्रमाने.

आधी पायथन कोणता चालतोय ते बघा: सिस मॉड्यूल इम्पोर्ट करून ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’ छापा. छापलेला पत्ता तुमच्या ‘कॅड’ एन्व्हायर्नमेंटच्या आतला नसेल तर पुढचं काही तपासूच नका. विंडोजवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरचा पायथन मध्ये येऊ शकतो. सेटिंग्जमधल्या ‘ॲप एक्झिक्युशन एलियासेस’मध्ये तो बंद करा. ज्युपिटरमध्ये कर्नल (नोटबुकचा कोड चालवणारा पायथन) वेगळाच निवडलेला असू शकतो, म्हणून ही ओळ नोटबुकच्या आत चालवून बघा, बाहेरच्या टर्मिनलमध्ये नाही.

मग पॅकेज कुठून येतंय ते बघा. नुसतं ‘इम्पोर्ट ओसीसी’ सहसा अडत नाही, कारण वरच्या पातळीवर कंपाइल केलेलं काही नसतं. ते झालं की ‘ओसीसी डॉट अंडरस्कोअर-अंडरस्कोअर फाइल अंडरस्कोअर-अंडरस्कोअर’ छापा. माझ्या स्क्रीनवर तिथे होम फोल्डरचा पत्ता उमटला तेव्हा दोन दिवसांचा गुंता एका ओळीत सुटला.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. पायथन ‘वजा मोठा आय’ देऊन चालवा आणि त्यात इम्पोर्ट करा. या पद्धतीत पायथन पायथनपाथ, तुमच्या युजर फोल्डरमधली पॅकेजेस आणि चालू फोल्डर या तिन्हींकडे दुर्लक्ष करतो. असं चालवल्यावर इम्पोर्ट झाला, तर इन्स्टॉलेशन ठणठणीत आहे; दोष बाहेरून घुसलेल्या कशाचा तरी आहे. पायथनपाथची ओळ काढा, नवं टर्मिनल उघडा. तरीही नीट नसेल तर चालू फोल्डर बघा. कॅडक्वेरी शिकताना पहिल्या फाइलला ‘कॅडक्वेरी डॉट पीवाय’ असं नाव देणारे मी बरेच बघितलेत. मग पायथन तीच फाइल लायब्ररी समजून उचलतो आणि ‘पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल’ अशी कोड्यात टाकणारी तक्रार करतो. फाइलचं नाव बदला.

‘वजा मोठा आय’नेही इम्पोर्ट होत नसेल, तरच दोष खरोखर इन्स्टॉलेशनमध्ये आहे. विंडोजवर ‘डीएलएल लोड फेल्ड’ आलं तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल, ६४ बिटांचं, त्यांच्याच साइटवरून टाका. सुटी डीएलएल कुठूनतरी उतरवून सिस्टम३२ मध्ये टाकायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. ती फाइल कुणी बनवली हे तुम्हाला कधीच कळणार नाही. लिनक्सवर बाइंडिंगच्या एसओ फाइलवर ‘एलडीडी’ (फाइलला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) चालवा आणि ‘नॉट फाउंड’च्या ओळी वाचा. सर्व्हरवर किंवा कंटेनरमध्ये बहुधा ‘लिबजीएल’ ही ग्राफिक्स लायब्ररी नसते आणि तिथे इम्पोर्ट अडतो, कारण कॅडक्वेरीसोबत व्हीटीके हे त्रिमितीय चित्र दाखवणारं पॅकेज येतं आणि त्याला ती लागते. उबंटूवर ‘लिबजीएल१’ टाका. जुन्या उत्तरांतलं ‘लिबजीएल१-मेसा-जीएलएक्स’ हे पॅकेज उबंटू २४.०४ मध्ये मिळत नाही.

‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ येणं ही वेगळी गोष्ट आहे. स्वतः कंपाइल करणाऱ्यांना ती भेटते: हेडर फाइल एपीटीने (उबंटूचा पॅकेज इन्स्टॉलर) टाकलेल्या ओपन कॅस्केडच्या आणि लिंक केलेली लायब्ररी स्वतः बांधलेल्या दुसऱ्याच आवृत्तीची. सीमेकने (बिल्डची मांडणी करणारं साधन) हेडर कुठले घेतले ते त्याच्या कॅश फाइलमध्ये वाचा. एपीटीचे हेडर ‘यूएसआर/इन्क्लूड/ओपनकॅस्केड’मध्ये असतात, तो पत्ता दिसला तर बिल्ड फोल्डर पूर्ण पुसून योग्य पत्ता देऊन पुन्हा बांधा. अर्धवट पुसलं तर कॅश जुनाच पत्ता धरून बसते.

चालते की नाही, हे असं बघा

नुसता इम्पोर्ट झाला म्हणून थांबू नका. १० बाय २० बाय ३० चा ठोकळा करा आणि त्याचं घनफळ छापा. ६००० च्या आसपास यायला हवं. मग तो स्टेप फाइलमध्ये निर्यात करून साध्या एडिटरमध्ये उघडा. पहिली ओळ ‘आयएसओ-१०३०३-२१’ अशी दिसली आणि फ्रीकॅडमध्ये ठोकळा उघडला, की इंजिन, बाइंडिंग आणि निर्यात तिन्ही जागेवर आहेत.

त्याच दिवशी ‘कॉन्डा लिस्ट’ला ‘एक्सप्लिसिट’ जोडून आलेली यादी प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवा. तीच ऑपरेटिंग सिस्टम आणि त्याच प्रकारचा प्रोसेसर असलेल्या दुसऱ्या मशीनवर त्या यादीवरून कॉन्डाने टाकलेलं सगळं हुबेहूब उभं राहतं; पिपने टाकलेली पॅकेजेस मात्र या यादीत येत नाहीत.