तांब्याच्या निर्यातीवरून झांबियाचा कारभार कसा जोखावा

खनिजांच्या निर्यातीवर चालणाऱ्या देशाचा कारभार कितपत चोख आहे हे पाहताना अभ्यासक बहुधा जागतिक बँकेच्या सुशासन निर्देशकांकडे धाव घेतात. हे सहा निर्देशक उपयुक्त असले तरी ते मुख्यतः जाणकारांच्या आणि नागरिकांच्या मतांवर आधारलेले असतात. म्हणून सुरुवात व्यापाराच्या तक्त्यांपासून करणे बरे.

झांबियाच्या निर्यात उत्पन्नात तांब्याचा वाटा सुमारे ७० टक्के असतो. संयुक्त राष्ट्रांच्या ‘कॉमट्रेड’ या व्यापार-आकडेवारीच्या संकेतस्थळावर शुद्ध तांब्याचा संकेतांक ७४०३, तर अशुद्ध तांब्याचा ७४०२ आहे. एखादे वर्ष निवडून झांबियाने नोंदवलेली निर्यात आणि खरेदीदार देशांनी नोंदवलेली आयात शेजारीशेजारी मांडावी. स्वित्झर्लंडच्या रकान्यात प्रचंड तफावत दिसेल. मात्र तेवढ्यावरून चोरीचा निष्कर्ष काढू नये. सौदा करणाऱ्या व्यापारी कंपन्या तेथील असल्या, तरी माल दार-ए-सलाम किंवा दरबान बंदरातून परस्पर तिसऱ्याच देशात उतरतो. शिवाय आयातीच्या किमतीत जहाजभाडे आणि विमाही धरलेला असतो.

त्यामुळे देशवार आकड्यांऐवजी एकूण निर्यात घ्यावी, किमतीला वजनाने भागावे आणि येणारा प्रतिटन भाव लंडन धातू बाजाराच्या त्या काळातील भावाशी ताडून पाहावा. शुद्ध तांब्याचा भाव सातत्याने कमी दिसला, तर माल कोणाला विकला ते शोधावे, कारण भाव कमी दाखवला की देशात दिसणारा नफा आणि त्यावरील कर घटतो. मोपानी या खाण कंपनीने २००६ ते २००९ या काळात आपल्याच समूहातील कंपनीला कमी भावाने तांबे विकल्याबद्दल झालेली करआकारणी झांबियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये कायम ठेवली. कर खात्याने प्रकरण धसास लावले आणि न्यायालयाने ते उचलून धरले, हीदेखील कारभाराचीच नोंद आहे, आणि माझ्या मते कोणत्याही निर्देशकापेक्षा ती अधिक बोलकी आहे.

यानंतर नियमांची स्थिरता पाहावी. २००८ मध्ये आणलेला वाढीव नफ्यावरील कर २००९ मध्ये मागे घेतला गेला. २०१५ च्या आरंभी उघड्या खाणींचे स्वामित्वधन (रॉयल्टी) २० टक्क्यांवर नेले आणि त्याच वर्षी ते ९ टक्क्यांवर आणले.

शेवटी निर्देशक उघडावेत. निर्यातीचा संबंध त्यांच्याशी जोडताना मूल्य नव्हे, तर टनांतील परिमाण वापरावे. कारण तांब्याचा भाव चढला की कारभार कसाही असला तरी डॉलरमधील निर्यात फुगलेलीच दिसते.