अवघड माल: लादणे, बांधणे आणि घाट उतरवणे

ट्रकचालकांच्या आठवणीत राहिलेल्या खेपा बहुतेक वेळा सर्वांत जड मालाच्या नसतात. सिमेंटची पोती पोहोचवल्याची हकिकत कोणी रंगवून सांगत नाही. पण पोलादी पत्र्याची एकच कॉइल (गुंडाळी), अर्धवट भरलेली मळीची टाकी, पवनचक्कीचे पाते किंवा केबिनच्या वर कितीतरी चढवलेला कडबा यांच्या गोष्टी वर्षानुवर्षे टिकतात. पोती गाडीबरोबर थांबतात आणि गाडीबरोबर वळतात, बाकीचे हे माल तसे करत नाहीत. म्हणून नव्या चालकाने आणि एकदोन गाड्यांच्या मालकाने असा माल पत्करताना वजन विचारण्याच्याही आधी एक प्रश्न विचारावा: गाडी अचानक थांबली, तर हा माल कुठे जाईल? या प्रश्नाचे उत्तर माल चढवण्यापूर्वीच मिळवायचे असते, कारण एकदा गाडी रस्त्याला लागली की चालकाच्या हाती वेगाखेरीज फारसे काही उरत नाही.

वजन कोणत्या चाकांवर पडते

वजनकाट्याची पावती एकूण वजन सांगते. ते वजन कोणत्या एक्सलवर (चाकांना जोडणाऱ्या आसावर) किती आहे, हे सांगत नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारने वाढवून दिलेल्या मर्यादेनुसार पुढच्या एक्सलवर 7 टन आणि चार टायरच्या एकेरी मागच्या एक्सलवर 11.5 टन भार चालतो, म्हणजे दोन एक्सलच्या ट्रकचे मालासह वजन 18.5 टनांपर्यंत जाऊ शकते, तर सर्वांत मोठ्या ट्रेलरला 55 टनांची मर्यादा आहे. एकूण वजन या मर्यादेत असूनही माल फार मागे ठेवला गेला, तर पुढची चाके हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जात राहते. फार पुढे ठेवला गेला, तर पुढच्या टायरवर आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर ताण येतो. शंका असल्यास काटेवाल्याला विनंती करून आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, तो आकडा टिपावा आणि मग पूर्ण गाडी चढवावी. दोन मिनिटांचे हे काम करायला फारसे कोणी तयार नसते, हे मात्र खरे. जादा वजनाचा दंड 1 सप्टेंबर 2019 पासून 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये असा आहे, शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही गाडीवाल्याच्याच माथी येतो.

कॉइल

पोलादाची कॉइल हा चालकांना सर्वांत जास्त धास्ती असलेला माल आहे आणि ती धास्ती रास्त आहे. दहा ते पंचवीस टनांचा तो गोल नग ट्रेलरच्या लोखंडी पाट्यावर फार थोड्या जागेवर टेकलेला असतो. लोखंडावर लोखंडाची पकड जेमतेम असते, त्यात कॉइलला तेल लागलेले असेल तर तीही उरत नाही. माल बांधण्याचे परदेशातील नियम असे गृहीत धरतात की जोराचा ब्रेक लागल्यावर माल आपल्या वजनाच्या 0.8 पट जोराने पुढे आणि वळणावर 0.5 पट जोराने बाजूला ओढला जातो. वीस टनांच्या कॉइलसाठी याचा अर्थ केबिनच्या दिशेने सोळा टनांचा रेटा असा होतो, आणि मधली पत्र्याची भिंत तो रेटा अडवू शकत नाही.

कळंबोलीच्या पोलाद बाजारात एका वयस्कर चालकाला कॉइल चढवून घेताना मी पाहिले होते. त्याची पद्धत जशीच्या तशी सांगण्यासारखी आहे. त्याने आधी पाटा झाडूने साफ करून घेतला आणि तेलाचे डाग गोणपाटाने पुसले. मग गाडीच्या आडवे दोन जाड चौकोनी लाकडी ओंडके ठेवले, ते एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून त्यांना लोखंडी पट्ट्यांनी जखडले आणि त्यांच्या आतल्या कडांना उतरत्या पाचरी बसवल्या. क्रेनने कॉइल खाली टेकवल्यावर तो वाकला आणि कॉइल व पाटा यांच्यामधून त्याने आपली बोटे आरपार सरकवली. बोटे गेली, म्हणजे सगळे वजन पाचरींवर आहे आणि कॉइल आपल्याच भाराने त्यांच्यात रुतून बसली आहे. बोटे अडकली असती, तर कॉइल पाट्यावर टेकून पाचरी नुसत्या शोभेच्या ठरल्या असत्या. एका ओंडक्याला त्याला लांब चीर दिसली, तेव्हा क्रेनवाल्याच्या शिव्या ऐकून घेत त्याने कॉइल पुन्हा उचलायला लावली आणि ओंडका बदलूनच पुढचे काम होऊ दिले.

त्यानंतर साखळ्या. कॉइलच्या डोळ्यातून, म्हणजे मधल्या भोकातून, जाणाऱ्या निदान दोन साखळ्या पुढच्या बाजूला आणि दोन मागच्या बाजूला ओढाव्यात, शिवाय वरून एक पट्टा घ्यावा. साखळी पोलादाच्या कडेवर घासते तिथे कडेवर बसणारा कोपरा किंवा जाड रबर घालावे, नाहीतर कड साखळीला आणि साखळी मालाला खाते, आणि माल खराब झाल्याची वजावट भाड्यातून होते. वरून टाकलेल्या पट्ट्याचा कोनही पाहावा: पट्टा पाट्याशी काटकोनात असेल तर त्याचा पूर्ण ताण माल दाबून धरतो, 30 अंशांचा झाला तर दाब निम्माच उरतो. मालाखाली रबरी चटई घातल्याने पकड कितीतरी वाढते आणि तिची किंमत एका टायरच्या मानाने किरकोळ आहे. तरीही ती फार थोड्या गाड्यांत दिसते. शेवटी खडूने कॉइलच्या बाजूवर आणि ओंडक्यावर मिळून एक सरळ रेघ ओढून ठेवावी. पहिल्या पंधरावीस किलोमीटरनंतर गाडी बाजूला घेऊन रेघ जुळते का ते पाहावे आणि साखळ्या पुन्हा आवळाव्यात, कारण लाकूड दबल्यामुळे पहिल्याच टप्प्यात त्या हमखास सैल पडतात.

पाइप आणि सळ्या यांना हेच तत्त्व लागू आहे, फक्त त्या गोळा होऊन नव्हे तर एकेक करून निसटतात. त्यामुळे वरच्या थराबरोबर मधल्या थरालाही बांध असावा. गाडीबाहेर डोकावणाऱ्या सळ्यांना लाल फडके बांधले की झाले, ही समजूत जुनी झाली. बाहेर आलेल्या मालासाठी आता वेगळा 20,000 रुपयांचा दंड आहे आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव त्याहून मोलाचा आहे.

उंच माल आणि पातळ माल

कडबा, भुसा, कापसाचे गठ्ठे आणि ऊस यांचे वजन मोठे नसले, तरी त्याचा मध्य फार वर असतो. वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी 20 किलोमीटरऐवजी 40 ने वळण घेतले तर तो दुप्पट नव्हे, चौपट होतो. असा माल ताडपत्रीने झाकणे आणि दोरखंडाने बांधणे ही दोन वेगळी कामे आहेत. ताडपत्री माल धरत नाही, उलट तिच्यात वारा शिरला तर तीच माल उचकटते. वाटेतल्या विजेच्या तारा आणि रेल्वेच्या पुलांखालच्या उंचीच्या कमानी आधी माहीत करून घ्याव्यात. आणि मालावर माणसे कधीही बसवू नयेत. 10 एप्रिल 2018 रोजी खंबाटकीच्या बोगद्यानंतरच्या वळणावर मजुरांना आणि त्यांच्या सामानाला घेऊन जाणारी गाडी उलटली आणि 18 जणांचा मृत्यू झाला.

टँकरचा स्वभाव निराळा आहे. काठोकाठ भरलेली टाकी आणि पूर्ण रिकामी टाकी या दोन्ही चालवायला सोप्या असतात. अर्धी टाकी सर्वांत वाईट. ब्रेक दाबला की द्रव पुढे आदळतो, मग मागे परततो, आणि गाडी थांबली असे वाटत असतानाच पुन्हा पुढे येऊन तिला ढकलतो. टाकीतल्या आडव्या पाळ्या (आतले भोके असलेले पडदे) हा हेलकावा तोडतात, पण त्या फक्त पुढेमागे होणाऱ्या हेलकाव्यासाठी असतात, वळणावर बाजूला जाणारा द्रव त्या थोपवत नाहीत. दुधाच्या टाक्यांत तर धुण्याच्या सोयीसाठी पुष्कळदा पाळ्याच नसतात. म्हणून वळणाच्या आधी वेग उतरवावा, वळणात ब्रेकला पाय लावू नये, आणि सिग्नलला थांबल्यावर हेलकावा शांत होईपर्यंत ब्रेक सोडू नये. मालाची घनताही विचारून घ्यावी: 10,000 लिटर डिझेलचे वजन साधारण 8.3 टन भरते, तेवढीच मळी 14 टनांच्या आसपास जाते. लिटरच्या हिशोबाने टाकी भरणारा माणूस हे सांगेलच असे नाही. ज्वलनशील किंवा विषारी माल असेल, तर धोकादायक मालाचे प्रशिक्षण घेतल्याचा शेरा चालकाच्या परवान्यावर असावा लागतो, आणि टाकीवरच्या फलकातील क्रमांक, उदाहरणार्थ पेट्रोलसाठी 1203, अमोनियासाठी 1005, चालकाला स्वतःला ठाऊक असावा. अपघातानंतर अग्निशमन दल तोच आधी विचारते.

घाट

चढावर गाडी थकते, उतारावर ती फसवते. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना उंचीत सुमारे 500 मीटरचा फरक पडतो. 40 टनांची गाडी एवढी खाली येते तेव्हा साधारण 54 युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जावी लागते, आणि इंजिनाने ती घेतली नाही तर ती सगळी उष्णता होऊन चाकांच्या ब्रेक ड्रममध्ये साठते. ड्रम तापला की फुगतो, त्याला आतून दाबणाऱ्या लायनरची पकड जाते, चालक आणखी जोराने दाबतो आणि पेडल पूर्ण खाली जाऊनही गाडी थांबत नाही. त्याआधी लायनर जळल्याचा उग्र वास येतो. तो वास आला की पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ म्हणू नये, सपाट जागा दिसताच थांबावे, चाकांना उटी (अडवणारा दगड किंवा ठोकळा) लावावी आणि ड्रमवर पाणी न ओतता ते आपोआप निवू द्यावेत. तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडले की तो तडकतो.

ज्या गियरमध्ये तो घाट चढला असता, त्याच गियरमध्ये किंवा त्याच्याही खालच्या गियरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही बरोबर आहे. गियर घाटाच्या माथ्यावरच बदलावा, कारण वेग वाढल्यावर खालचा गियर बसत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी मंदावणारा) सुरू ठेवावा. साध्या ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवण्याऐवजी, ठरवलेल्या वेगाला गाडी पोहोचली की ठाम दाबून ताशी आठदहा किलोमीटरने वेग कमी करावा आणि पाय पूर्ण काढावा, म्हणजे ड्रमला मध्ये हवा मिळते. ब्रेक ज्या हवेवर चालतात तिच्या दाबाचा काटा दर वळणानंतर नजरेखालून घालावा.

डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करण्याची किंवा इंजिनच बंद करण्याची सवय अजून जात नाही. इंजिन बंद झाले की हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, दर दाबागणिक हवा संपत जाते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुणेकरांना चांगला परिचित आहे. 20 नोव्हेंबर 2022 रोजी तिथे एका अवजड वाहनाने डझनावारी गाड्या चिरडल्या. सरळ आणि रुंद दिसणारा असा उतार वळणावळणाच्या घाटापेक्षा जास्त धोक्याचा, असे माझे मत आहे, कारण तिथे चालकाला भीतीच वाटत नाही.

ब्रेक गेलेच, तर इंजिन चालू ठेवावे, मिळेल तो खालचा गियर टाकावा, दिवे आणि हॉर्न लावावेत, हँडब्रेक ओढावा आणि गाडी दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला घासत न्यावी.

मापात न बसणारा माल

पवनचक्कीची पाती, ट्रान्सफॉर्मर, कारखान्यांच्या टाक्या अशा मालाला आधी रस्ता शोधावा लागतो, गाडी नंतर. महाराष्ट्रातून तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी निघालेल्या 70 टनांच्या ऑटोक्लेव्हची (उष्णता आणि दाबाखाली भाग पक्के करणाऱ्या प्रचंड बंद टाकीची) खेप या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे: उंची 7.5 मीटर, रुंदी 6.65 मीटर, 74 चाकांची गाडी, सोबत तीसेक माणसे. जुलै 2019 मध्ये निघालेली गाडी जुलै 2020 मध्ये पोहोचली. वाटेत विजेच्या तारा काढाव्या लागल्या, झाडे छाटावी लागली, रस्ते दुरुस्त करावे लागले आणि टाळेबंदीत ती अडकूनही पडली.

एवढी मोठी खेप क्वचितच वाट्याला येते, पण पद्धत तीच. मोजपट्टी घेऊन मार्गावरून आधी हलक्या गाडीने जाऊन यावे आणि प्रत्येक पूल, कमान, तार, टोलनाक्याची रुंदी टिपावी. पात्याची शेपटी वळणावर उलट्या बाजूला फिरते, तेव्हा मागे चालणाऱ्या माणसाकडे वॉकीटॉकी हवाच. पूल एकट्याने, मधोमध, ताशी 5 किलोमीटरने, ब्रेक न लावता ओलांडावा. ई-वे बिलाची, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीखाली लागणाऱ्या ऑनलाइन परवानगीची, मुदतही वेगळी असते: साध्या मालाला 200 किलोमीटरला एक दिवस, अशा मालाला 20 किलोमीटरला एक दिवस. ती संपली की माल आणि गाडी दोन्ही अडकतात.

उतरवताना

प्रवास संपल्यावर चालक आणि हमाल दोघेही सैल पडतात, आणि हातपाय चिरडण्याचे प्रसंग नेमके इथे घडतात. गाडी सपाट जागी लावावी, उटी द्यावी, आणि एकही साखळी सोडण्यापूर्वी गाडीभोवती फिरून माल कुठे कलला आहे ते पाहावे. कललेल्या बाजूला कोणीही उभे राहू नये. साखळी विरुद्ध बाजूने सोडावी. कॉइल क्रेनच्या हुकावर ताणली गेल्याशिवाय शेवटची साखळी काढू नये, आणि पाइपांचे खुंटे हातोड्याने उडवू नयेत, वरचा थर आधी उतरवून घ्यावा. पोच घेताना तिच्यावर मालाची अवस्था स्पष्ट लिहून घ्यावी. ओरखडा असेल तर तो फाटकाबाहेर पडण्याआधी दोघांच्या सहीने नोंदवावा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, म्हणजे महिन्याने भाड्याचा हिशोब होताना वाद राहत नाही.