मोबाईलला बागेतली परिस्थिती कळायला हवी असेल तर: जिओफेन्स, एमक्यूटीटी आणि नोड-रेड वापरून कसं करायचं

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली आणि पोंगा (कोवळा फुटवा) फुटायला लागला की पिंपळगावच्या मामांचं लक्ष दुसरीकडे लागतच नाही. पहाटे बागेत जायचं, पानाला हात लावून बघायचं, दव किती वेळ राहिलं त्यावरून केवड्याचा (पानावर येणाऱ्या बुरशीच्या रोगाचा) अंदाज घ्यायचा, मग फवारणीचं ठरवायचं. मी नाशिकला कॉलेज रोडला राहतो आणि ॲप बनवायचं काम करतो, तर म्हटलं यांच्यासाठी असं काहीतरी करू की मामा ज्या प्लॉटवर उभे असतील त्याच प्लॉटची माहिती त्यांनी न विचारता समोर येईल. यालाच कॉन्टेक्स्ट-अवेअर, म्हणजे परिस्थिती ओळखून वागणारं ॲप म्हणतात, हा शब्द शिलिट आणि थायमर या संशोधकांनी 1994 मध्ये वापरला होता.

टूल निवडायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. सेन्सरचा आकडा आणि त्याचा अर्थ कोडमध्ये वेगळे ठेवायचे. जॉर्जिया टेकमध्ये अनिंद डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये कॉन्टेक्स्ट टूलकिट (अशी ॲप बनवायची साधनं) मांडलं, त्यात हेच आहे: विजेट सेन्सर लपवतो, इंटरप्रीटर आकड्याचा अर्थ लावतो आणि ॲग्रिगेटर एका गोष्टीबद्दलची सगळी माहिती एकत्र ठेवतो. ते टूलकिट आज वापरा असं नाही म्हणत, पण ही विभागणी नक्की उचला. ॲपच्या स्क्रीनला अक्षांश-रेखांश कळायची गरजच नाही, तिला फक्त "मामा खालच्या प्लॉटवर आहेत, पान ओलं आहे" एवढं कळलं पाहिजे. उद्या सेन्सर बदलला तरी स्क्रीनला हात लावावा लागत नाही.

आता जागा ओळखायची कशी, इथेच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. अँड्रॉइडची जिओफेन्सिंग एपीआय (कोडमधून वापरायची तयार सोय) सोपी आहे, नकाशावर वर्तुळ, म्हणजे जिओफेन्स, आखा आणि कोणी आत आलं की कळतं, एका ॲपला एका फोनवर 100 जिओफेन्स चालतात. पण गुगल स्वतःच सांगतं की त्रिज्या कमीत कमी 100 ते 150 मीटर ठेवा. हिशोब करून बघा, 100 मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे जवळजवळ पावणेआठ एकर, मामांचे दोन्ही प्लॉट त्यात सहज बसतात. शिवाय बागेत आजूबाजूला वायफाय नसतं त्यामुळे लोकेशन अजूनच ढिलं. म्हणून जिओफेन्स फक्त "बागेत आले" एवढ्यासाठी ठेवला आणि कुठला प्लॉट हे कळायला प्रत्येक प्लॉटच्या तोंडाशी खांबावर एनएफसी टॅग (फोन टेकवला की वाचला जाणारा छोटा स्टिकर) लावला, मामा फोन टेकवतात, काम झालं. पूर्ण ऑटोमॅटिक नाही, पण चुकत नाही, आणि चुकीच्या प्लॉटची माहिती दाखवणं हे काहीच न दाखवण्यापेक्षा वाईट.

एक चूक मी केली ती म्हणजे एंटर इव्हेंट, म्हणजे वर्तुळात शिरल्याची खूण, धरला. मामा मोटारसायकलवर बागेशेजारच्या रस्त्याने नुसते पुढे गेले तरी नोटिफिकेशन. ड्वेल इव्हेंट (आत थांबल्याची खूण) घ्या आणि लॉयटरिंग डिले, म्हणजे किती वेळ थांबल्यावर कळवायचं तो वेळ, पाच मिनिटं ठेवा, म्हणजे माणूस खरंच थांबला तरच ॲप बोलेल. फोन रीस्टार्ट झाला की जिओफेन्स पुसले जातात, ते परत नोंदवायचा कोड आठवणीने टाका. अँड्रॉइड 10 पासून बॅकग्राऊंड लोकेशनची परवानगी वेगळी मागावी लागते, ती का हवी हे मराठीत एका ओळीत आधी सांगा, घरच्या माणसालाही सांगा.

पानाच्या ओलीसाठी ईएसपी32 (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर) बोर्ड आणि ओल मोजायची साधी रेझिस्टन्सवाली पट्टी घेतली. पट्टीला सतत करंट देऊ नका, तांब्याचे ट्रॅक खराब होतात, रीडिंग घेण्यापुरताच द्या. रीडिंग एमक्यूटीटीने (उपकरणांनी एकमेकांना छोटे मेसेज पाठवायची पद्धत) मॉस्किटो ब्रोकरला, म्हणजे मेसेज घेऊन पुढे देणाऱ्या प्रोग्रामला, जातं आणि पुढचे नियम नोड-रेड या टूलमध्ये, तिथे डबे जोडून नियम बनतो त्यामुळे मामांना शेजारी बसवून दाखवता येतो, ते म्हणतात "अरे, हे असं नाही, आधी तापमान बघ" आणि तिथल्या तिथे बदलता येतं.

एमक्यूटीटीत रिटेन्ड मेसेज (ब्रोकरने जपून ठेवलेला शेवटचा मेसेज) चालू ठेवला की फोन जोडल्या जोडल्या शेवटचं रीडिंग मिळतं, सोयीचं आहे पण फसवतं. पंपाजवळची लाईट गेली, राऊटर बंद, आणि ॲप दोन दिवस "पान ओलं" दाखवत राहिलं. मामांनी हात लावून बघितलं तर पान कोरडं. त्या दिवसापासून प्रत्येक रीडिंगसोबत वेळ पाठवतो आणि अर्ध्या तासापेक्षा जुनं असेल तर ॲप सरळ "माहिती जुनी आहे" म्हणतं. लास्ट विल (बोर्डने ब्रोकरकडे आधीच देऊन ठेवलेला मेसेज) पण लावा, बोर्डचा संपर्क तुटला की ब्रोकर स्वतः कळवतो.

टेस्टिंगला रोज पिंपळगावला जायची गरज नाही, अँड्रॉइड स्टुडिओच्या एम्युलेटरमध्ये (कॉम्प्युटरवरच्या नकली फोनमध्ये) ओझरपासून बागेपर्यंतचा रूट टाकून घरी बसून चालवता येतो. पण ओलं कधी म्हणायचं हा आकडा घरी बसून ठरत नाही. आठ दिवस नोटिफिकेशन बंद ठेवून फक्त लॉग (रीडिंगची नोंद) घ्या आणि तेवढे दिवस बागेतल्या माणसाला वहीत लिहायला सांगा, सकाळी किती वाजता पान ओलं होतं, किती वाजता सुकलं. मी वही आणि लॉग शेजारी ठेवले तेव्हा पट्टी पानापेक्षा बराच वेळ जास्त ओली राहते हे कळलं, म्हणून ती सपाट न ठेवता पानासारखी तिरकी बांधली आणि नंतर आकडा ठरवला.