शिंगाळ्याची कवटी घरी कशी स्वच्छ करावी

हाडं साफ करून जपून ठेवायचा छंद लागला असेल, तर पहिली कवटी शिंगाळा या माशाची घ्या. बहुतेक माशांचं डोकं मांस सुटलं की ढीगभर सुट्या हाडांत विखुरतं आणि नवशिक्याचा धीर तिथेच सुटतो. शिंगाळ्याच्या डोक्यावरचं कवच मात्र घट्ट सांधलेलं असतं. वरून खरखरीत, दाणेदार. ते अखंड राहतं.

त्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. किनाऱ्यावर मेलेलं कासव किंवा डॉल्फिन लागलं, तर त्याला हात लावू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अशा संरक्षित प्राण्याचं हाडही घरी ठेवता येत नाही, मग तो आपोआप मेलेला का असेना. वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. व्हेलचा सांगाडा पाहायचाच असेल तर रत्नागिरीच्या मत्स्यालयात जाऊन पाहा. घरच्या कामासाठी बाजारातली, खायला आणलेली मासळीच घ्यावी. रस्त्याकडेला मेलेलं गुरंढोरंही नको, त्यातून रोग येऊ शकतात.

दिवस कोणते निवडायचे? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि पावसात आपल्याकडे काही वाळत नाही, बुरशी तेवढी येते. दिवाळीनंतर सुरुवात करा.

मासा घेताना मासळीवाल्या मावशींना आधीच सांगा, "डोकं अख्खं ठेवा, कोयता मारू नका." पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे करवतीसारखे दातेरी आणि विषारी असतात. मावशी ते छाटून टाकतात. राहिले असतील तर पकडीने धरा. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. बाकी मासा कालवणात जाऊ दे.

आता महत्त्वाचं: डोकं उकळू नका. लवकर होईल या आशेने सगळे हेच करतात, मीही केलं होतं. उकळल्यावर चरबी हाडात मुरते, पुढे पिवळे डाग उमटतात आणि सांधे उघडतात. मांस काढायचं काम पाण्यातल्या जिवाणूंवर सोपवा. कल्ले, डोळे आणि सहज निघेल तेवढं मांस काढून टाका. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बादलीत डोकं बुडेल इतकं गोडं पाणी घ्या. खारं नको, मीठ हाडात बसतं. झाकण सैल ठेवा आणि वर दगड ठेवा, नाहीतर मांजर वाट पाहतच असतं. बादली मागच्या परसात, विहिरीपासून लांब ठेवा. घाण येणारच, घरच्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

तीन-चार दिवसांनी अर्धंच पाणी बदला. सगळं ओतलंत तर कामाला लागलेले जिवाणूही जातात. जुनं पाणी माडाच्या आळ्यात ओता, पण चाळणीतून, नाहीतर लहान हाडं मातीत जातात. आपल्या उष्ण हवेत आठवड्याभरात मांस सुटू लागतं. मग रोज पाहा. मांस गेलं की लगेच बाहेर काढा, जास्त मुरलं तर जोडलेली हाडंही सुटतात. हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने हलकेच घासा.

यापुढची पायरी लोक टाळतात आणि कवटी वर्षभर तेलकट राहते. शिंगाळा चरबीचा मासा आहे. कोमट पाण्यात भांडी घासायचा द्रवसाबण घालून कवटी त्यात ठेवा, पाणी गढूळ झालं की बदला. पाणी नितळ राहीपर्यंत हे चालू ठेवायचं. दोन-तीन आठवडे लागतात, कधी जास्तही.

पांढरं करायला ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचं ब्लीच मुळीच वापरू नका. त्याने हाड खडूसारखं भुसभुशीत होतं. मेडिकलमध्ये मिळणारं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड तेवढ्याच पाण्यात मिसळा. भांडं प्लॅस्टिकचं किंवा काचेचं असावं, झाकण सैल असावं, कारण वायू सुटतो. डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे. काही तास पुरतात, अधूनमधून पाहत राहा. अगदी शुभ्र करायच्या नादी लागू नये. किंचित पिवळसर हाड मला जास्त खरं वाटतं.

स्वच्छ पाण्यातून काढून सावलीत, वर्तमानपत्रावर वाळवा. कडक उन्हात तडे जातात. सुटं झालेलं हाड फेविकॉलच्या थेंबाने चिकटवा. सोबत एक चिठ्ठी ठेवा: मासा, बंदर, तारीख, डोक्याची लांबी.

वाळल्यावर कवटी कानाशी धरून हलवा. बहुतेक वेळा आत खडखड वाजतं. ते कानातले दगड. मासा त्यांच्या आधारे तोल सांभाळतो आणि अभ्यासक त्यांच्यातली वलयं मोजून त्याचं वय काढतात.